लाळग्रंथीच्या गाठीचं ऑपरेशन: उरलेली लाळ कशी जपायची

कानाखालची किंवा जबड्याखालची गाठ काढून माणूस घरी आला, की भेटायला येणारे ठरलेल्या तीन गोष्टी विचारतात: टाके किती पडले, तोंड वाकडं झालं नाही ना, आणि रिपोर्टमध्ये काय आलं. लाळेचं कुणी विचारत नाही. पेशंटलाही तेव्हा त्याची फिकीर नसते. मग काही महिन्यांनी भाकरीचा घास तोंडात नुसता फिरत राहतो, रात्री जीभ टाळूला चिकटून जाग येते, धडधाकट दात हिरडीच्या कडेने तपकिरी व्हायला लागतात. लाळ हा विषय तेव्हा कुठे निघतो, आणि तोवर बराच उशीर झालेला असतो.

माझी गाठ उजव्या पॅरोटिड ग्रंथीत, म्हणजे कानापुढच्या मोठ्या लाळग्रंथीत होती. म्युकोएपिडरमॉइड कार्सिनोमा, लाळग्रंथीच्या कॅन्सरचा एक प्रकार. आधी ऑपरेशन, मग रेडिएशन. आमच्या सांगलीकडे कुणी त्याला शेक म्हणतं, कुणी लाईट घेणं म्हणतं. मी डॉक्टर नाही, बँकेत नोकरी करते. पण या सगळ्यातून गेल्यावर एक गोष्ट मला पक्की कळली आहे: लाळ वाचवण्याची खरी संधी रेडिएशन सुरू होण्याआधी असते. त्यानंतर आपण करतो ती बरीचशी सावरासावर. त्यामुळे खाली आधीच्या तयारीबद्दल जास्त लिहिलं आहे. औषधं आणि डोस यांबाबत शेवटचा शब्द अर्थातच तुमच्या डॉक्टरांचा.

१. कोणती ग्रंथी गेली, ते आधी समजून घ्या

लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात. कानाच्या पुढे-खाली पॅरोटिड, जबड्याखाली सबमँडिब्युलर, आणि जिभेखाली सबलिंग्वल. शिवाय ओठ, गाल, टाळू यांच्या आतल्या अस्तरात शेकडो बारीक ग्रंथी असतात. सगळ्या मिळून दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार करतात.

त्यांची कामं मात्र वाटलेली आहेत. जेवताना सुटणारी पातळ, पाण्यासारखी लाळ मुख्यतः पॅरोटिडची. काही खात नसताना तोंड ओलसर ठेवणारी, थोडी बुळबुळीत लाळ मुख्यतः सबमँडिब्युलरची. खाणं चालू नसताना जवळजवळ दोन तृतीयांश लाळ तीच देते. म्हणून पॅरोटिड दुबळी झाली की कोरडी पोळी, भाकरी, चुरमुरे अडकतात, आणि सबमँडिब्युलर दुबळी झाली की रात्री आणि सलग बोलताना त्रास होतो. तुमची तक्रार नेमकी कधीची आहे ते डॉक्टरांना सांगितलंत तर उपाय शोधणं सोपं जातं. नुसतं 'तोंड कोरडं पडतं' म्हणू नका.

आता दिलाशाची गोष्ट. सहापैकी एक मोठी ग्रंथी ऑपरेशनने काढली आणि बाकीच्यांना धक्का लागला नाही, तर बहुतेकांना फार कोरडेपणा जाणवत नाही. उरलेल्या ग्रंथी भार उचलतात. मोठा फटका बसतो तो रेडिएशनचा.

२. ऑपरेशन अजून व्हायचं असेल तर

ऑपरेशन झालं असेल तर हा भाग सोडून पुढे जा.

लाळग्रंथीच्या बहुतेक गाठी पॅरोटिडमध्ये होतात आणि त्यातल्या बहुतेक साध्या, कॅन्सर नसलेल्या असतात. सर्वांत जास्त आढळते ती प्लिओमॉर्फिक ॲडिनोमा. गाठ साधी असेल तर पूर्ण ग्रंथी काढण्याऐवजी गाठ आणि तिच्याभोवतीचा ग्रंथीचा थोडा भाग एवढंच काढता येतं का, हे सर्जनना जरूर विचारा. ग्रंथीचा उरलेला भाग आणि लाळेची नळी शाबूत राहिली तर ती बाजू पुढेही काम करते.

पण इथे एक सापळा आहे. 'डॉक्टर, नुसती गाठ तेवढी सोलून काढा, बाकी काही कापू नका' असा हट्ट धरू नका. प्लिओमॉर्फिक ॲडिनोमाचं कवच फुटलं किंवा त्याचे कण मागे राहिले, तर काही वर्षांनी एकाच्या जागी अनेक बारीक गाठी येतात. दुसऱ्या ऑपरेशनमध्ये चेहऱ्याच्या नसेला धोका जास्त, आणि ग्रंथीही जास्त जाते. थोडी लाळ वाचवायला जाऊन सगळीच घालवायची वेळ येते.

कुणी तपासणीसाठी कानाखालची गाठ बाहेरून कापून तुकडा काढायचं म्हणत असेल, तर आधी एफएनएसी, म्हणजे बारीक सुईने पेशी ओढून तपासणी, का करत नाही ते विचारा. नेहमीचा पहिला मार्ग तोच.

३. टाके, नळी आणि जेवताना येणारं 'पाणी'

ऑपरेशननंतर एक-दोन दिवस जखमेत साचणारं पाणी बाहेर काढणारी ड्रेनची नळी असते. ती निघाल्यावर काहींना जखमेतून स्वच्छ पाण्यासारखा स्राव येतो, किंवा जेवायला बसलं की कानाखाली मऊ फुगा येतो. घरचे घाबरतात, पू झाला म्हणतात. बहुतेक वेळा ती लाळच असते. कापलेल्या ग्रंथीचा उरलेला भाग लाळ तयार करतो आणि तिला वाट सापडत नाही. जेवताना वाढतं आणि एरवी कमी असतं, ही तिची खूण. ताप, लाली, ठणका, दुर्गंधी असेल तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.

लाळेची गळती सहसा काही आठवड्यांत थांबते. डॉक्टर दाबपट्टी बांधतात, सुईने पाणी काढतात. या काळात लिंबू, चिंच, लोणचं, आवळा बंद. आंबट खाल्लं की लाळ उसळते आणि गळती लांबते. 'लाळ सुटावी म्हणून आंबट चघळ' हा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. या टप्प्यावर तो चुकीचा आहे.

गळती थांबावी म्हणून काही वेळा लाळ आटवणाऱ्या गोळ्या देतात. तेव्हा तोंड कोरडं पडतं ते गोळीमुळे. ती गोळी कधी बंद करायची, हे चिठ्ठीवर तारखेसकट लिहून घ्या. तारीख नसेल तर मेडिकलवाला तीच चिठ्ठी बघून पुन्हा पुन्हा देत राहतो.

ऑपरेशनच्या बाजूला स्वतःहून मालीश करू नका. नीट भरून आल्यावर सर्जननी परवानगी दिली तर दुसऱ्या, निरोगी बाजूची मालीश कशी करायची ते त्यांच्याकडून शिकून घ्या: कानाच्या मागून गालाकडे, हलक्या हाताने. टॉर्च घेऊन आरशात गालाच्या आतल्या बाजूला बघा. वरच्या दुसऱ्या दाढेसमोर एक बारीकसा उंचवटा दिसतो. ते पॅरोटिडच्या नळीचं तोंड. मालीश केल्यावर तिथे पाण्याचा थेंब चमकला की समजायचं, ग्रंथी चालू आहे. मला तो थेंब दिसला तेव्हा रिपोर्ट नॉर्मल आल्यासारखं वाटलं होतं.

बऱ्याच महिन्यांनी जेवताना त्या बाजूच्या गालावर घाम येऊ लागला तर घाबरू नका. ग्रंथीकडे जाणारे नसांचे धागे चुकीच्या वाटेने घामाच्या ग्रंथींना जाऊन मिळतात, म्हणून तसं होतं. त्रास फार असेल तर घाम रोखणारा रोल-ऑन किंवा बोटॉक्सचं इंजेक्शन असे उपाय आहेत.

४. रेडिएशन लागणार का?

साध्या गाठीला सहसा लागत नाही. कॅन्सर लहान, कमी दर्जाचा (लो ग्रेड, म्हणजे हळू वाढणारा) आणि कडा मोकळ्या असतील, म्हणजे काढलेल्या भागाच्या कडेला कॅन्सरच्या पेशी नसतील, तरीही अनेकदा लागत नाही. उच्च दर्जाचा कॅन्सर, कडेला पेशी सापडणं, नसेभोवती पसरलेला आजार, मानेतल्या लिम्फ नोडमध्ये शिरकाव, किंवा ॲडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा, यांपैकी काही असेल तर बहुधा लागतं.

हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्टवर या चार गोष्टी शोधा: प्रकार, ग्रेड, कडा, नसा. शंका असेल तर स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा) दुसऱ्या मोठ्या प्रयोगशाळेत पुन्हा तपासून घ्या. लाळग्रंथीच्या कॅन्सरचे प्रकार वीसच्या वर आहेत आणि ते एकमेकांसारखे दिसतात. निदान बदललं तर रेडिएशनचा निर्णयही बदलू शकतो.

लाळ जाईल या भीतीने गरजेचं रेडिएशन टाळू नका. हे मी मुद्दाम लिहिते, कारण आमच्या वॉर्डातल्या एका बाईंना नातेवाईक नेमकं हेच पटवत होते.

५. सगळ्यात आधी दातांचा डॉक्टर

ऑपरेशननंतर रेडिएशन साधारण ६ आठवड्यांच्या आत सुरू करतात. या मधल्या काळात जखम भरते, आणि दातांचं सगळं काम याच काळात उरकायचं असतं. मला मिळालेल्या डिस्चार्ज कार्डवर दातांबद्दल एक ओळ नव्हती. तुमच्याही नसेल तर वाट बघू नका, स्वतः जा.

कारण असं. लाळ तोंडातलं आम्ल सौम्य करते आणि दातांना कॅल्शियम परत देते. ती आटली की दात झपाट्याने किडतात, आणि तेही हिरडीलगत, जिथे एरवी सहसा किडत नाहीत. त्यात रेडिएशन मिळालेल्या जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो. नंतर त्या भागातला दात काढावा लागला तर जखम भरत नाही आणि हाड सडू शकतं. हा धोका दोन-पाच वर्षांनी संपत नाही, जन्मभर राहतो.

म्हणून रेडिएशनआधी हे करून घ्या:

- पूर्ण तोंडाचा एक्स-रे, ज्याला ओपीजी म्हणतात.
- वाचणार नाहीत असे दात काढणं, विशेषतः रेडिएशनच्या बाजूच्या खालच्या दाढा. दात काढल्यापासून रेडिएशन सुरू होईपर्यंत किमान २ आठवडे, जमलं तर ३, मिळायला हवेत. तारीख ठरवताना हे गणित आधी मांडा.
- साफसफाई, कीड भरणं, टोचणाऱ्या कडा घासून घेणं. कवळी टोचत असेल तर नीट बसती करून घेणं.
- दातांचं माप देऊन फ्लोराइड जेलचे ट्रे बनवून घेणं.

ट्रे म्हणजे दातांच्या मापाची पातळ, पारदर्शक प्लास्टिकची खोळ. रात्री ब्रश झाल्यावर ट्रेमध्ये जेलची बारीक रेघ ओढायची, ५ ते १० मिनिटं लावून ठेवायचा, मग थुंकायचं, आणि पुढे अर्धा तास पाणीही नाही. जेलमध्ये किंवा डॉक्टरांनी लिहून दिलेल्या पेस्टमध्ये फ्लोराइड ५००० पीपीएमच्या आसपास असतं. दुकानातल्या साध्या पेस्टमध्ये ते १००० च्या आसपास असतं, आणि बऱ्याच आयुर्वेदिक पेस्ट आणि दंतमंजनांत अजिबात नसतं. वेष्टण वाचा. ट्रे बनवणं परवडत नसेल तर ब्रशने लावायची जास्त फ्लोराइडची पेस्ट चालेल का, असं विचारा.

टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलात दातांचा विभाग तिथेच असतो. इतर ठिकाणी मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या सरकारी दंत महाविद्यालयांत ही कामं कमी खर्चात होतात. गल्लीतल्या डॉक्टरकडे गेलात तर 'तोंडाला रेडिएशन मिळणार आहे, अमुक तारखेपासून' हे वाक्य आधी सांगा. ते न सांगता नुसतं 'दात दुखतोय' म्हटलंत तर औषध देऊन पुढच्या महिन्यात बोलावतील.

आणि मिश्री. आपल्याकडे अनेक घरांत बायका अजूनही सकाळी मिश्री लावतात आणि तिला तंबाखू म्हणून मोजत नाहीत. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती, तंबाखू-चुना, गुटखा, सुपारी, विडी, सगळं आता बंद. हे डॉक्टरांपासून लपवण्यात काही अर्थ नाही, तोंड उघडल्यावर त्यांना कळतंच.

६. प्लॅनिंगच्या दिवशी हे प्रश्न विचारा

रेडिएशनआधी एके दिवशी चेहऱ्याचा जाळीदार मास्क बनवून सीटी स्कॅन करतात. त्यानंतर डॉक्टर आणि फिजिसिस्ट संगणकावर आखणी करतात: कुठे किती डोस द्यायचा, कुठे टाळायचा. मशीन सुरू झाल्यावर हा आराखडा सहजासहजी बदलत नाही, त्यामुळे विचारायचं ते आत्ताच विचारा. वहीत लिहून न्या. टेबलाच्या पलीकडे बसलेल्या डॉक्टरांसमोर आपल्या डोक्यातलं सगळं उडून जातं.

*रेडिएशन एका बाजूला देणार की दोन्ही?* पॅरोटिडच्या गाठीत अनेकदा त्याच बाजूला पुरतं. तसं असेल तर समोरची, म्हणजे दुसऱ्या बाजूची, पॅरोटिड जवळजवळ पूर्ण वाचवता येते.

*मशीन आयएमआरटीचं आहे का?* या पद्धतीत किरण अनेक कोनांतून, कमी-जास्त तीव्रतेने सोडतात, त्यामुळे ग्रंथीला वळसा घालता येतो. ब्रिटनमध्ये घशाच्या कॅन्सरच्या पेशंटवर झालेल्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०११ मध्ये आले, एका वर्षानंतर त्रासदायक कोरडेपणा जुन्या पद्धतीत ७४ टक्के लोकांना होता आणि आयएमआरटीत ३८ टक्के. आता मोठ्या शहरांत ही सोय सर्रास आहे, पण गृहीत धरू नका.

*समोरच्या पॅरोटिडला सरासरी किती ग्रे जाणार?* ग्रे हे रेडिएशनचा डोस मोजायचं एकक. कळीचा प्रश्न हाच. सर्वसाधारण उद्दिष्ट असं: एक पॅरोटिड पूर्ण वाचवायची असेल तर तिला सरासरी २० ग्रेपेक्षा कमी, आणि दोन्हींना डोस जाणं अटळ असेल तर प्रत्येकीला २५ पेक्षा कमी. गाठीच्या जागेला एकूण डोस साधारण ६० ते ६६ ग्रे असतो, आठवड्याला पाच दिवस, सहा ते साडेसहा आठवडे. यावरून २० चा अर्थ ध्यानात येईल.

*सबमँडिब्युलर ग्रंथी आणि तोंडाची पोकळी?* आजाराच्या दृष्टीने सुरक्षित असेल तेव्हा सबमँडिब्युलरला सरासरी ३५ च्या खाली ठेवायचा प्रयत्न करतात. तोंडाच्या अस्तरातल्या बारीक ग्रंथींनाही जपता येतं, पण कुणी आठवण करून दिली नाही तर त्या मागे पडतात.

आमच्या डॉक्टरांनी विचारल्यावर स्क्रीनच आमच्याकडे वळवला. रंगीत रेघांचा आलेख होता, प्रत्येक अवयवाची एक रेघ. गाठीच्या जागेची लाल रेघ उजवीकडे पार ६० पर्यंत सरळ जाऊन कड्यावरून कोसळावी तशी खाली येत होती, आणि डाव्या पॅरोटिडची हिरवी रेघ डाव्या कडेलाच खाली बसली होती. एवढं दिसलं तरी पुरे. या आलेखाला डीव्हीएच म्हणतात. त्याची प्रिंट मागा. कुणी रागावत नाही, फार तर 'तुम्ही काय करता' असं विचारतात.

हे प्रश्न विचारताना सूर 'मला फसवताय का' असा नको. गाठ जिथे परत यायची शक्यता आहे तिथे डोस कमी करा असं म्हणायचं नाही. आजाराची जागा सोडून बाकी जे वाचवता येईल ते वाचवा, एवढंच आपलं म्हणणं.

इंटरनेटवर दोन गोष्टी वाचाल. पहिली, सबमँडिब्युलर ग्रंथी हनुवटीखाली सरकवून ती किरणांच्या वाटेतून बाजूला काढण्याचं ऑपरेशन. ते कॅनडातल्या एडमंटनमध्ये विकसित झालं, पण मुख्यतः घशाच्या कॅन्सरसाठी. आपल्याला ते क्वचितच लागू पडतं. दुसरी, प्रोटॉन, म्हणजे क्ष-किरणांऐवजी प्रोटॉन कणांनी दिलेलं रेडिएशन. मुंबईजवळ खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्याच केंद्रात, प्रोटॉनची सोय आहे. कवटीच्या तळाशी पोचलेल्या आजारात त्याचा विचार होतो. एका बाजूच्या साध्या आखणीत चांगलं आयएमआरटी मिळत असेल तर प्रोटॉनसाठी उपचार लांबवू नका.

७. आजची लाळ मोजून ठेवा

रेडिएशनआधी एकदा मोजलं की पुढे तुलना करता येते. सकाळी, खाणंपिणं, ब्रश आणि चूळ यांना तास उलटून गेल्यावर खुर्चीत बसा. मान खाली, तोंड किंचित उघडं, हातात छोटी वाटी. एकदा गिळून घ्या आणि घड्याळ लावा. ५ मिनिटं न गिळता, न चघळता लाळ वाटीत आपोआप पडू द्या. फेस बसल्यावर सुई नसलेल्या ५ मिलीच्या सिरिंजने ओढून आकडा वाचा आणि ५ ने भागा.

मिनिटाला ०.३ ते ०.४ मिली हे साधारण ठीक. ०.१ किंवा त्याहून कमी म्हणजे लाळ खरोखर कमी. दर वेळी दिवसाची वेळ तीच ठेवा. हा आकडा सांगितला की तपासणीत बोलणं लगेच मुद्द्यावर येतं.

याच वेळी घरातल्या सगळ्या गोळ्यांची यादी करा. सर्दी-ॲलर्जीच्या जुन्या गोळ्या, झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलेली ॲमिट्रिप्टिलीन, वारंवार लघवी थांबवणाऱ्या गोळ्या, यांनी तोंड आणखी कोरडं पडतं. स्वतःच्या मनाने बंद करू नका, पर्याय विचारा.

८. रेडिएशन चालू असताना

लाळ पहिल्या आठवड्यापासूनच कमी व्हायला लागते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ती चिकट, दोरीसारखी होते आणि चव जाते.

दर दोन-तीन तासांनी गुळण्या करा. उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात १ चमचा मीठ आणि १ चमचा खाण्याचा सोडा. बेकिंग पावडर चालत नाही, आणि धुण्याचा सोडा तर विषारीच. डबे वेगळे ठेवा. पाणी रोज ताजं करा. तिखट लागणारे, अल्कोहोलवाले माउथवॉश घरातून काढून टाका.

खाण्यात मऊ, ओलं आणि तूप घातलेलं. मेतकूट-भात, वरण-भात, आमटीत कुस्करलेली भाकरी, मऊ खिचडी, अंडं, पनीर, ताक. बिघडलेल्या चवीला मेतकुटानेच काय तो आधार दिला, हे माझं वैयक्तिक मत. वजन दर आठवड्याला करा. घसरत असेल तर आहारतज्ज्ञांना लगेच सांगा.

तोंड उघडण्याचा व्यायाम रोज. पॅरोटिडच्या शेजारीच चावण्याचे स्नायू असतात, ते आखडतात. स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक धरून दातांमध्ये मावतात का बघा. दोनवर आलं तर फिजिओथेरपी मागा.

जिभेवर दह्यासारखे पांढरे डाग, जळजळ, ओठांच्या कोपऱ्यांना भेगा, म्हणजे बहुधा बुरशी. लाळ कमी झाली की ती येतेच. औषधाने जाते, पण औषध लागतंच. मध-हळदीवर दिवस काढू नका.

९. रेडिएशन संपल्यावर

ज्या ग्रंथींना कमी डोस गेला त्या हळूहळू, वर्ष-दोन वर्षांपर्यंत सुधारत राहतात. तिसऱ्या महिन्यात जे आहे तेच कायमचं, असं समजू नका.

पिलोकार्पिन नावाची गोळी उरलेल्या ग्रंथीला चालना देते. नेहमीचा डोस ५ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, आणि पूर्ण परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागू शकतात. घाम भरपूर येतो, लघवीला जास्त जावं लागतं. दमा, काचबिंदूचे काही प्रकार किंवा हृदयविकार असेल तर ती घेण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं. गावातल्या मेडिकलमध्ये ती सहज मिळत नाही. मोठ्या हॉस्पिटलजवळच्या दुकानात विचारा. याच औषधाचे काचबिंदूचे डोळ्यांत घालायचे थेंब जिकडेतिकडे मिळतात. 'औषध तेच आहे, तोंडात टाका' असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. आणि ग्रंथीच उरली नसेल तर या गोळीला चालना द्यायला काही नसतं, हेही लक्षात ठेवा.

साखर नसलेलं, झायलिटॉल असलेलं च्युइंगगम जेवणानंतर चघळा. चघळण्यानेही लाळ सुटते. घरात कुत्रा असेल तर ते उंच ठेवा, झायलिटॉल कुत्र्याला जिवावर बेतू शकतं. खडीसाखर, लिमलेटच्या गोळ्या, साखर असलेल्या खोकल्याच्या गोळ्या मात्र नको. दिवसभर तोंडात साखर ठेवून दात घालवलेले पेशंट दातांच्या डॉक्टरांना नेहमी भेटतात. लिंबू-आवळाही आता जपून, कारण आम्ल धुऊन काढायला लाळच कमी आहे.

कृत्रिम लाळ फवारा आणि जेल अशा दोन रूपांत मिळते. दिवसा, बोलण्याआधी फवारा. रात्री झोपताना जिभेवर आणि गालाच्या आत जेलचा पातळ थर. झोपेत लाळ एरवीही जवळजवळ थांबते, म्हणून रात्रच सर्वांत कठीण. उशाशी पाणी ठेवा, पण घोट घोट प्या. तांब्याभर प्यायलात तर रात्र बाथरूमच्या वाऱ्या करण्यात जाते. एसीने तोंड आणखी सुकतं. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पाण्याचा कूलर उलट बरा. नाक चोंदून तोंडाने श्वास घेत असाल तर आधी नाकाचा इलाज करा.

दातांची तपासणी दर तीन ते सहा महिन्यांनी, फ्लोराइड रोज, न चुकता. रेडिएशन मिळालेल्या बाजूचा दात काढायचं कुणी म्हटलं तर आधी रेडिएशनच्या डॉक्टरांना फोन. रूट कॅनॉल करून दात वाचत असेल तर बहुधा तेच पसंत करतात.

१०. फाईलमध्ये काय हवं

- डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशनची नोंद, कोणती ग्रंथी किती काढली याच्या उल्लेखासह.
- हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट. स्लाइड आणि ब्लॉक कुठल्या प्रयोगशाळेत आहेत त्याची पावती.
- एमआरआय आणि सीटीच्या सीडी. नुसता कागद चालत नाही.
- ओपीजी आणि दातांच्या डॉक्टरांचं 'रेडिएशनला हरकत नाही' असं पत्र.
- चालू गोळ्यांची यादी, लाळेच्या मोजमापाची वही.
- महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार घेणार असाल तर रेशनकार्ड आणि आधार. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात आरोग्यमित्राचा काउंटर असतो. मशीनची तारीख घेण्याआधी तिथे मंजुरीचं विचारा.
- रेल्वेने ये-जा करायची असेल तर सवलतीच्या फॉर्मवर हॉस्पिटलचा सही-शिक्का.
- रेडिएशन संपल्यावर मिळणारा उपचारांचा सारांश. त्यात एकूण डोस, बाजू, तारखा आणि जबड्याला गेलेला डोस लिहून घ्या. दहा वर्षांनी एखाद्या नव्या दातांच्या डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा हाच कागद लागेल. तोवर त्या हॉस्पिटलातली जुनी नोंद सापडेलच असं नाही, म्हणून एक झेरॉक्स घरी आणि एक फोटो मोबाइलमध्ये ठेवा.